असरच्या वेळचं कुलूप

चोवीस तास उघड्या दुकानाला कुलूप कशाला, हा प्रश्न माझा भाऊ यस्लम बाबांना दर ईदला विचारायचा. सगळे जेवायला बसलेले असताना, हशा पिकावा म्हणून. बाबा तोंडातला घास संपवायचे, बोटं चाटायचे आणि म्हणायचे, "कुलूप नसलेलं दार म्हणजे भिंतीला पडलेलं भगदाड. मी भगदाडात बसून धंदा करत नाही."

यस्लमचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जेद्दाच्या बगदादिया वस्तीतलं आमचं किराणा दुकान रात्री बंद झालेलं मला तरी आठवत नाही. दिवसा बाबा, रात्री मलबारचा कुन्हाली. कुलूप लागायचं ते फक्त नमाजेच्या वेळी, कारण तेव्हा तसा नियमच होता. अजान झाली की शहरातली सगळी दुकानं अर्धा तास बंद. जो आत सापडला तो आत, जो बाहेर राहिला तो बाहेर. आतल्यांनाही त्याची सवय होती. अर्धे दिवे मालवलेल्या दुकानात बायका टूनाच्या डब्यांवरच्या तारखा वाचत उभ्या राहायच्या, मुलं फ्रीजच्या काचेवर बोटांनी चित्रं काढायची.

मग नियम सैल झाला. एकेक करून गल्लीतली दुकानं नमाजेतही उघडी राहू लागली. बाबांनीही इतर वेळचं कुलूप सोडलं, कुन्हालीशी आळीपाळी ठरवून ते मशिदीत जाऊ लागले. फक्त असरचं, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेचं कुलूप त्यांनी सोडलं नाही. यस्लम चिडायचा. शाळा-ऑफिसं सुटलेली असतात, हीच तर गिऱ्हाइकाची वेळ. बाबा म्हणायचे, "त्या वेळी कुन्हाली झोपलेला असतो. त्याला उठवू का?" एवढं कारण आम्हाला पुरलं. वर एक गंमत होती. बाबा मशिदीतून परत यायचे आणि स्वतःच्याच दुकानाचं दार ठोठावत उभे राहायचे. शेजारचा लॉन्ड्रीवाला शब्बीर ती गंमत यस्लमला सांगायचा आणि यस्लम आम्हाला. "बाबा आज परत किल्ली विसरले." मीही हसले आहे त्यावर.

बाबा घरीच गेले, सकाळी, चहा समोर असताना. त्याच दुपारी दफन झालं. दुकान बंद ठेवायचं का, यावर घरात कुणी बोललंसुद्धा नाही. कुन्हालीनं दिवसही काढले आणि रात्रीही, आणि तीन दिवस आमच्याकडे माणसांची रीघ लागली. पुरुष खाली मांडवात, बायका वर आमच्या बैठकीत.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेनंतर आईचा रक्तदाब वाढला म्हणून तिला आतल्या खोलीत झोपवलं होतं. बैठकीत भिंतीला लागून बायका बसल्या होत्या. बुरखे वर केलेले, खजुराच्या बिया बशीत टाकत, हळू आवाजात बोलत. आमच्यात मयताच्या घरी मोठ्यानं रडणं बरं मानत नाहीत. मी तर अजिबात रडले नव्हते. मी शाळेत भाषा शिकवते. आवाज एका पट्टीत ठेवायची मला सवय आहे.

दाराजवळच्या उशीशी एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल. काळ्या पायघोळ अबायाच्या बाह्यांच्या कडा विरलेल्या. ती तोंडावर पालथा हात दाबून रडत होती. आवाज नव्हता, पण सगळं अंग हलत होतं.

"ही कोण?" शेखाआत्यानं माझ्या कानाशी विचारलं. शेखाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण.

"शेजारची असेल कुणी."

"मला शेजार शिकवतेस? अख्खा जन्म या गल्लीत गेला. आणि शेजारचा माणूस गेला म्हणून बाई असं रडते होय? माझा नवरा गेला तेव्हा मीही एवढी रडले नव्हते."

"तू मुळीच रडली नव्हतीस," पलीकडून मुझनाकाकू म्हणाली.

"विषय तो नाही," आत्या म्हणाली. "जा, विचार तिला. तुझी आई उठायच्या आत विचार."

मी उठून त्या बाईजवळ बसले. "खाला, तुम्ही कुणाकडच्या?"

"दुकानातली," ती म्हणाली. मग सावरून, "म्हणजे, मी दुकानात येते. असरच्या वेळी. तुझे बाबा..." आणि तिथं ती थांबली. बैठकीतलं बोलणं थांबलं होतं आणि सगळ्या बायका खजुराकडे बघत होत्या.

तिनं पर्स उघडली. कागदी रुमालात गुंडाळलेली एक पितळी किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"ही माझ्याकडेच होती. आणि एक विचारायचं होतं, मुली. असरला दुकानाला कुलूप लागेल ना आता? काल आले होते, तर दार उघडंच होतं. तेव्हा कळलं मला."

किल्ली हा शब्द बैठकीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मी तो जाताना पाहिला. एकीच्या भुवया, दुसरीचं ढोपर, तिसरीनं घट्ट मिटलेले ओठ. आतल्या खोलीत पलंग करकरला. आई कूस बदलत होती.

मी वर्गात वापरते त्या आवाजात म्हणाले, "खाला, आमच्या घरचं जे काही तुमच्याकडे होतं ते आम्हाला मिळालं. माझी आई आत झोपलीय. ती उठायच्या आत तुम्ही निघालात तर बरं होईल."

नेमकी त्याच वेळी माझी चुलत बहीण कॉफी घेऊन आली. तिनं कप त्या बाईपुढे केला, आणि मी त्या कपावर तळहात ठेवला.

आमच्याकडे हे कुणी करत नाही. भांडण असलेला माणूससुद्धा मयताच्या घरून कॉफीवाचून जात नाही. बाईनं कपाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. तिनं बुरखा खाली ओढला. "अल्ला तुम्हाला सबुरी देवो," एवढं म्हणाली आणि जिना उतरून गेली.

"शाब्बास," शेखाआत्या म्हणाली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं मला गाठलं. "मिस्यार असणार. कागदावर निकाह, ना घर ना खर्च. बाई आपल्या माहेरी, नवरा वाटेल तेव्हा जाणार. हल्ली पुष्कळ चालतं."

"बाबा तसे नव्हते."

"कुणाचेच बाबा तसे नसतात, अफ्राह."

"आत्या, आईसमोर यातला एक शब्दही काढायचा नाही."

"मी कशाला काढू? मी काय बोलकी आहे?" ती म्हणाली. मला घाम फुटला.

त्या रात्री आईनं विचारलं, "दुपारी कुणीतरी रडवेल्या आवाजात बोलत होतं. आतपर्यंत ऐकू येत होतं. कोण होती?"

"दुकानातलं गिऱ्हाईक."

"कॉफी घेतली तिनं?"

"घेतली," मी म्हणाले.

आईला आता चार महिने दहा दिवस इद्दतीत काढायचे होते. घराबाहेर पडायचं नाही, अत्तर लावायचं नाही, फक्त बसायचं आणि ज्याच्याबरोबर जन्म काढला त्याची आठवण करायची. आत्याचं कुजबुजणं तिच्यापर्यंत पोचलं तर ती आठवणच नासून जाणार होती. त्या चार महिन्यांत आईच्या मनातले बाबा आईचेच राहिले पाहिजेत, एवढंच मी ठरवलं. त्यासाठी ती किल्ली कुठल्या दाराची आहे हे आधी मला कळायला हवं होतं. बाबांनी कुठं खोली घेतली असेल, कुठल्या इमारतीत, हा विचार करत मी दोन रात्री किल्ली उशीखाली ठेवून झोपले. मला बाबांची आठवण येत नव्हती. मी त्यांची चौकशी करत होते.

चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी दुकानात गेले. यस्लम दाराशी उभा होता आणि ॲल्युमिनियमचं काम करणारा एक माणूस फीत धरून चौकट मोजत होता.

"आपोआप सरकणारं दार बसवतोय," यस्लम म्हणाला. "माणूस समोर आला की उघडतं, गेला की मिटतं. कुलूपबिलूप काही भानगडच नाही."

तो माणूस गाडीतून काही आणायला गेला आणि यस्लम त्याच्यामागे गेला. मी पर्समधून किल्ली काढली. दाराच्या कुलपात घातली आणि फिरवली. ती सहज फिरली.

क्षणभर मला हायसं वाटलं. कुठली खोली नव्हती, इमारत नव्हती. मग लगेच दुसरा विचार आला आणि तो पहिल्याहून घाण होता. अर्धे दिवे मालवलेलं दुकान, आतून लागणारं कुलूप, दुसरं कुणी नाही, कुन्हाली झोपलेला. आणि रोज, अजानच्या वेळी. माझ्या मनाला तिथवर जायला किती कमी वेळ लागला हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

शब्बीर शेजारी पुरुषांचे पायघोळ थोब इस्त्री करत होता. मी त्याच्या दारात उभी राहिले.

"शब्बीरभाई, असरच्या वेळी बाबा कुठं असायचे?"

"कुठं म्हणजे? मशिदीत, उस्ताजा." मी शिक्षिका म्हणून गल्ली मला उस्ताजा म्हणते. "अजान झाली की बाहेर. एका रांगेत उभे राहून पढायचो आम्ही. आणि परत आले की ठक ठक. कधी कधी तर सगळी गल्ली आपापल्या कामाला लागलेली, आणि हे आपले स्वतःच्या दुकानाबाहेर पेप्सीच्या क्रेटवर बसलेले. मी म्हणायचो, अबू यस्लम, घरातून काढलं म्हणून इथं आलात, आता इथूनही काढलं? ते म्हणायचे, शब्बीर, इस्त्री बघ, कुणाचा तरी थोब जाळतोयस."

"मग दार कोण उघडायचं?"

"आतलं गिऱ्हाईक. अडकलेली असायची ना एखादी बाई."

"नेहमी तीच?"

शब्बीरनं इस्त्री उभी करून ठेवली. "उस्ताजा, बुरख्यातली बाई कालचीच की दुसरी, हे मी सांगायला लागलो तर मला मुलतानला परत पाठवतील."

म्हणजे बाबा आत नसायचेच. ती आत आणि ते बाहेर, क्रेटवर. मला काहीच उलगडेना. एवढं मात्र कळलं की आत्या आणि मी ज्या गोष्टीची कुजबुज केली होती ती ही नव्हती, आणि आता मला आईला विचारणं भाग होतं.

आई खिडकीपाशी बसून मसूर निवडत होती. इद्दतीत करायला दुसरं काय असतं. मी किल्ली तिच्या ताटाशेजारी ठेवली. मग सगळं सांगितलं. रडणारी बाई, शेखाआत्याचं मिस्यार, मी बाईला काय बोलले ते, दुकान, शब्बीर. सांगताना मी माझा आवाज एका पट्टीत ठेवला. कपावर हात ठेवला ते शेवटी सांगितलं.

आईचं निवडणं थांबलं नाही. खडा मिळाला तो तिनं बाजूला ठेवला.

"ही किल्ली मीच दिली होती तिला," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या हातून."

मग तिनं जे सांगितलं ते फार मोठं नव्हतं. नियम कडक होता तेव्हाची गोष्ट. एके दिवशी असरला ती बाई इतरांसारखीच आत अडकली. एकटीच होती. बाबा नमाज पढून आले, कुलपात किल्ली घातली, आणि आतून रडणं ऐकू आलं. तांदळाच्या पोत्यांमागं बसून कुणीतरी मोकळ्या गळ्यानं रडत होतं. बाबांनी किल्ली परत काढली आणि बाहेर बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, त्यांना कुलूप बिघडलंय म्हणून सांगितलं. रडणं थांबल्यावर त्यांनी दार उघडलं. बाई शरमून गेली होती, तरी तिनं कारण सांगितलं. तिचा मुलगा लीस गावाच्या रस्त्यावर गाडी चालवताना गेला होता. गाडी त्याच्या हातात तिच्या नवऱ्यानंच दिली होती, परवाना नसताना. त्यामुळं घरात रडायची सोय नव्हती. तिथं रडणं म्हणजे नवऱ्याकडे बोट दाखवणं.

"घरी येऊन मला म्हणाले, ती उद्या परत आली तर काय करू? मी तिच्याबरोबर आत थांबू शकत नाही, आणि बाहेरून कुलूप लावून बाईला कोंडणंही बरं नाही. मी म्हटलं, किल्ली तिच्याकडेच द्या. तिलाच आतून लावू दे. आतून किल्ली अडकवली की बाहेरून दुसरी जातच नाही. म्हणजे तिला खात्री राहील, कुणी येणार नाही, तुम्हीसुद्धा नाही."

"आणि ती रोज यायची?"

"रोज नाही. पण कधी येईल ते कुठं माहीत असायचं? म्हणून कुलूप रोज. आधी बरं होतं, सगळीच दुकानं बंद असायची, कुणाच्या नजरेत येत नव्हतं. पुढं नियम गेला, तेव्हा म्हणाले, आता काय करायचं? मी म्हटलं, तिचं दुःख गेलंय का? मग कुलूप राहू दे."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं? अमुक एका बाईला रडायला जागा नाही, हे? तुझा भाऊ ईदच्या जेवणात वाढून टाकणार."

"नाव काय तिचं?"

"माहीत नाही."

"इतकी वर्षं?"

"नाव विचारलं असतं तर ती कुणाची तरी बायको झाली असती. मग कुणाच्या बायकोला आपण आपल्या दुकानात बसवतो, असं झालं असतं. तुझ्या बाबांनी तिचा चेहरासुद्धा पाहिला नव्हता. पोत्यामागचं रडणं, एवढीच त्यांची ओळख."

आईनं ताट उचलून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. त्यात आता काहीच राहिलं नव्हतं, तरी ती बघत राहिली.

"कॉफी घेतली म्हणाली होतीस," ती म्हणाली.

त्या कपाचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. मला वाटत होतं ती रागवेल. मी आईला वाचवायला निघाले होते, आणि ज्या माणसाची आठवण नासू नये म्हणून धडपडत होते, त्याच्यावर घरात संशय घेणारी तेवढी मीच होते. आत्याचं सोडून द्या, आत्या सगळ्यांवर घेते.

आता एकच गोष्ट करण्यासारखी होती. ती किल्ली तिच्याकडे परत गेली पाहिजे आणि तिला लावायला कुलूप शिल्लक राहिलं पाहिजे. त्यासाठी यस्लमला अडवायला हवं होतं, तेही काही न सांगता. ही गोष्ट आणखी एका कानात गेली असती तर ती दुकानाबाहेर पडली असती.

"दार बदलू नकोस," मी त्याला म्हणाले.

"माणूस उद्या येतोय."

"त्याला सांग नंतर ये. आईची इच्छा आहे. इद्दत होईपर्यंत बाबांचं दार राहू दे."

"आईनं दुकानाचं दार आयुष्यात कधी पाहिलंय नीट?"

"म्हणूनच. आणि असरला कुलूपही लावायचं. बाबा लावायचे तसं."

यस्लमनं माझ्याकडे निरखून पाहिलं. त्याचे डोळे सुजलेले होते. दिवसभर लोकांशी हसून बोलायचं आणि घरी गेल्यावर गाडीतून उतरायचं नाही, असं त्याचं चाललं होतं, हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं होतं.

"कुन्हाली त्या वेळी झोपतो," तो म्हणाला. "मला मशिदीत जायचं असतं. कोण लावणार कुलूप?"

"मी येईन शाळेतून. मी बसेन."

"तू? गल्ल्यावर?" तो पहिल्यांदा हसला. "उस्ताजा गल्ल्यावर बसली तर गिऱ्हाईक अंडी मागायला कचरेल. अनेकवचन चुकलं तर?"

"चुकलं तर अंडी देणार नाही."

"बरं, इद्दतीपर्यंत," तो म्हणाला. "त्यानंतर सरकतं दार. आणि असरला धंदा बुडला तर तो तुझ्या नावावर."

मी रोज दुकानात जाऊ लागले. बाबांचं स्टूल उंच होतं, माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. काउंटरखाली त्यांच्या चपला होत्या, टाचेशी झिजलेल्या. त्या हलवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

पहिल्याच दिवशी माझी अडचण माझ्या लक्षात आली. मी तिला ओळखणार कशी? आमच्या बैठकीत तिनं बुरखा वर केला होता, कारण तिथं सगळ्या बायकाच होत्या आणि तिनं आमच्यावर विश्वास ठेवला होता. मला तिचा चेहरा ठाऊक होता, पण दुकानात चेहरे येत नाहीत. दुकानात काळे अबाये येतात, डोळ्यांपुढं पातळ पडदा, हातांत मोजे. बाबा तिला ज्या खुणेनं ओळखायचे ती त्यांनी कुणाला दिली नव्हती. आवाज मी ऐकला होता तो रडताना, आणि तोही चार वाक्यं. विरलेल्या बाह्या शोधाव्यात, तर या वस्तीत विरलेल्या बाह्या काय थोड्या?

अजान झाली की मी अर्धे दिवे मालवायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. पुरुष आपोआप बाहेर पडायचे. बायकांपैकी कुणी कुरकुरायची, "आता बंद करत नाहीत ना कुणी? नियम गेला की." मी म्हणायची, "आमच्याकडे आहे अजून." मग ती पिशवी उचलून निघून जायची. एकीनं खूप वेळ साबण हुंगले. मी श्वास रोखून उभी होते. शेवटी तिनं सगळ्यात स्वस्त साबण घेतला, घाईघाईनं पिशवीत टाकला आणि गेली.

एक दिवस अजान झाली तेव्हा दुकानात कुणीच नव्हतं. यस्लम मशिदीत गेला. मी आत राहिले, तीच किल्ली आतून लावली आणि तांदळाच्या पोत्यांमागं जाऊन बसले. तिथली जमीन गार होती. फ्रीज घुरघुरत होता. कुणी येणार नव्हतं, कुणी येऊ शकत नव्हतं. मला वाटलं, आता येईल रडू. जागा होती, कुलूप होतं, कारण होतं. पण मला सारखं एवढंच दिसत होतं की मी बसले ती जागा दुसऱ्या कुणाची आहे, आणि मी तिला जिन्यावरून खाली पाठवून इथं येऊन बसले आहे. मी उठले, अबाया झटकला आणि दार उघडलं.

तिच्यासाठी मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. मुलींच्या निबंधांतली वाक्यं मी दिवसभर दुरुस्त करते, पण हे जमत नव्हतं. 'मला माहीत नव्हतं' हे शब्द मी आधी काढले, कारण ती सबब होती. 'आईनं सांगितलं' हेही काढलं, कारण तेव्हा मी चूक आईच्या सांगण्यावरून मान्य करतेय असं वाटलं असतं. शेवटी उरलं ते असं: खाला, मी तुमच्या कपावर हात ठेवला, आणि तो हात ज्यांच्या नावानं ठेवला ते तसं करणारे नव्हते. फार चांगलं वाक्य नव्हतं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

मग एका दुपारी ती आली. किंवा कुणीतरी आलं.

बाहेर समुद्रावरून गरम, दमट वारा येत होता. अजान सुरू झाली, मी दिवे मालवले. डाळींच्या फळीपाशी एक बाई उभी होती. बाकीचे गेले, ती हलली नाही. हातात चण्यांचा डबा होता आणि ती त्यावरचं वाचत होती, एवढ्या अंधारात. यस्लम "येतो" म्हणून निघून गेला. दुकानात आम्ही दोघीच होतो.

मी पर्समधून किल्ली काढली आणि तिच्याजवळ गेले. पडद्यामागं डोळे आहेत एवढंच कळत होतं. मोजे काळे, नवे. वाक्य माझ्या ओठांवर होतं.

तेव्हा मला दिसलं ते हे, की ती दुसरीच कुणी असली, तर माझं वाक्य ऐकून तिला कळेल की या दुकानात एक बाई येत असते, लपून, कशासाठी तरी. दोन दिवसांत ते गल्लीभर होईल. आणि ती तीच असली, तर तिला कळेल की बुरख्याआडही मी तिला ओळखलं. मग ती इथं कुणीतरी होईल, आणि कुणीतरी होऊन तिला रडता येणार नाही. माफी मागितली तर माझं मन हलकं होणार होतं. तिच्या हाती काही पडणार नव्हतं.

"आतून लावा," मी म्हणाले. "मी बाहेर आहे. घाई नाही."

ती किल्लीकडे बघत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं आता विचारेल, हे काय आहे म्हणून. तिनं डबा फळीवर परत ठेवला आणि किल्ली घेतली.

मी बाहेर पडले. माझ्या पाठीमागं कुलूप फिरलं. दाराशी थांबलं तर ऐकू येईल म्हणून मी शब्बीरच्या दुकानाच्याही पुढं, कोपऱ्यावरच्या बंद टपरीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून फक्त मशिदीतला इमामाचा आवाज येत होता. नमाज संपली, माणसं परतली. दोघातिघांनी आमचं दार ओढून पाहिलं. मी लांबूनच हात हलवून सांगितलं, थांबा. यस्लम आला, माझ्याकडे बघून त्यानं खांदे उडवले आणि सावलीत जाऊन फोन काढला. त्यानं काही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्याचे आभार अजून मानलेले नाहीत.

पुष्कळ वेळानं दार उघडलं. ती बाहेर आली आणि भिंतीच्या कडेनं, आमच्याकडे न बघता, सरळ निघून गेली. चालणं म्हातारं होतं की तरुण, ते मला ठरवता आलं नाही.

आत गेले तेव्हा किल्ली काउंटरवर होती. मोजून मधोमध ठेवावी तशी.

तीच असती तर बरोबर घेऊन गेली असती, आधी नेत होती तशी. किंवा तीच होती, आणि आमच्या घरची वस्तू आता तिला जवळ ठेवायची नव्हती. यातलं खरं कुठलं, हे मला कुणालाच विचारता येणार नाही. दाराशी गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी दिवे लावले.